हंगामारंभीचे सामने आणि प्रेक्षकांचे निर्णय

खेळांच्या प्रेक्षकांविषयी जे लेखन होते, ते बहुधा अंतिम सामन्यांभोवती फिरते. तेथे गर्दी मोठी असते, आवेग उघड दिसतो आणि निकालाची नोंद वृत्तपत्रांतही राहते. हंगामाच्या आरंभी होणारे लहान महाविद्यालयांचे किंवा गावच्या क्रीडामंडळांचे सामने मात्र अभ्यासकांच्या दृष्टीतून निसटतात. वस्तुतः प्रेक्षक आपले मत कसे बनवतो, कशाच्या आधारे बनवतो आणि ते किती काळ धरून ठेवतो, हे समजून घेण्यास हेच सामने अधिक उपयोगी आहेत. अंतिम सामन्याच्या वेळी संघाविषयी पुष्कळ माहिती हाताशी असते. पहिल्या सामन्याच्या वेळी माहिती अत्यल्प असते, अपेक्षा मात्र पूर्ण भरलेली असते. अशा स्थितीत दिलेल्या निर्णयांचे स्वरूप काय असते, त्यांत चूक कोठे शिरते आणि ती चूक कोणाला भोवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. खेळ व स्थळ

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार लहान महाविद्यालयांच्या बास्केटबॉलच्या संदर्भात सहज करता येतो. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या संस्थेच्या तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यांचे सामने नोव्हेंबरात सुरू होतात आणि प्रत्येक संघाला नियमित हंगामात २५ पर्यंत सामने खेळता येतात. प्रेक्षकांत सहाध्यायी, पालक, अध्यापक आणि गावातील जुने माजी विद्यार्थी यांचाच भरणा असतो. तेथे खेळणारा आणि पाहणारा एकमेकांना नावाने ओळखतात.

महाराष्ट्रात या स्थितीशी सर्वांत जवळचे साम्य कबड्डीच्या स्थानिक सामन्यांत आढळते. ठाणे शहराच्या उत्तर भागात, खाडीच्या जवळ, माजिवडे, ढोकाळी व कोलशेत यांच्या शेजारी असलेले बाळकुम हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे स्थळ होय. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात या पट्ट्याचे रूप पालटले. शेते, मिठागरे आणि कारखाने यांच्या परिसरात उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. तथापि आगरी-कोळी वस्तीची जुनी गावठाणे या वसाहतींच्या मध्ये टिकून आहेत. अशा गावठाणांत क्रीडामंडळ ही केवळ खेळाची संस्था नसते. गणेशोत्सव, देवीची जत्रा, गावकीची बैठक आणि कबड्डीचा संघ यांत बहुतेक तीच माणसे वावरतात. चढाईला गेलेला मुलगा कोणाचा तरी पुतण्या असतो, कोणाचा भाचा असतो, आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला त्याचा टीकाकार दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आळीत भेटणार असतो.

कबड्डीचा खेळ या भूमीत रुजलेला आहे. हुतुतूच्या विविध स्थानिक प्रकारांना नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातील व बडोद्यातील संस्थांनी केले. पुण्याचे डेक्कन जिमखाना व बडोद्याचा हिंद विजय जिमखाना ही नावे त्या संदर्भात घ्यावी लागतात. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचा दर्जा मिळाला आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमुळे तो घरोघरीच्या दूरचित्रवाणीवर पोचला. स्थानिक सामन्यांचा काळ मात्र अजून ऋतूशी बांधलेला आहे. पावसाळा सरून मैदाने सुकली, मातीवर पाणी मारून ती चोपून घट्ट केली, की विद्युतप्रकाशात रात्रीचे सामने सुरू होतात. मॅटचा प्रसार वाढला असला तरी हा क्रम पुष्कळ ठिकाणी तसाच आहे. महाविद्यालयांचे आंतरमहाविद्यालयीन सामने शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकाप्रमाणे होतात. दोन्हीकडे पहिल्या सामन्याला जमणारा प्रेक्षक मागील वर्षीची आठवण घेऊनच येतो.

२. अपेक्षा आणि अल्प नमुना

मागील हंगाम आणि नवा हंगाम यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर असते. या अंतरात संघ बदलतो. एखादा खेळाडू नोकरीला लागतो, एखादा पदवीधर होऊन बाहेर पडतो, कुमार गटातील एखादा मुलगा वरिष्ठ गटात येतो. प्रेक्षकाच्या मनातील संघ मात्र मागील वर्षाच्या शेवटच्या सामन्याजवळ थांबलेला असतो. यामुळे पहिल्या सामन्याचा निकाल जवळजवळ नेहमीच अनपेक्षित वाटतो. लाऊ व रसेल यांनी १९८० साली वृत्तपत्रांतील क्रीडावृत्तांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अनपेक्षित निकालानंतर खेळाडू, शिक्षक व वृत्तलेखक अधिक कारणे देऊ लागतात, असे त्यांना आढळले. हंगामारंभी कारणांचा जो सुकाळ दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. ‘गेल्या वर्षीचा दम राहिला नाही’, ‘कप्तान चुकीचा नेमला’, ‘डावा कोपरा उघडा पडतो’ अशी विधाने पहिल्याच रात्री ठामपणे केली जातात.

या कारणांची खरोखर गरज असते काय, हे पाहण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडेल. समजा, एका स्पर्धेत आठ संघ आहेत आणि ते सर्व अगदी समान बळाचे आहेत. म्हणजे प्रत्येक सामन्यात कोणत्याही संघाच्या विजयाची संभाव्यता निम्मी आहे. अशा संघाने पहिले तिन्ही सामने हरण्याची संभाव्यता १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८ होय. आठ संघांत मिळून सरासरीने एक संघ तिन्ही सामने हरलेला आणि एक संघ तिन्ही जिंकलेला आढळेल. संघांच्या बळात तिळमात्र फरक नसताना एका गावात मिरवणूक निघेल व दुसऱ्या गावात कप्तान बदलण्याची चर्चा सुरू होईल.

हीच गोष्ट एकेका खेळाडूला लागू करता येते. रिकाम्या चढाया हिशेबाच्या सोयीसाठी वगळून असे धरू की, एका चढाईपटूची प्रत्येक चढाई यशस्वी होण्याची संभाव्यता निम्मी आहे. पहिल्या सामन्यात त्याच्या वाट्याला १० चढाया आल्या. त्यांपैकी ३ किंवा त्याहून कमी यशस्वी होण्याची संभाव्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के येते. ७ किंवा त्याहून अधिक यशस्वी होण्याची संभाव्यताही तितकीच. म्हणजे निरनिराळ्या संघांतील १२ समान कुवतीच्या चढाईपटूंपैकी पहिल्या रात्रीनंतर सुमारे दोघे ‘हिरे’ ठरतील आणि सुमारे दोघे ‘संपले’ असे ठरतील. या चौघांत व उरलेल्या आठांत कौशल्याचा भेद मुळीच नाही, हे प्रेक्षकाला दिसण्याची काही सोय नसते.

अल्प नमुन्यावर अतिविश्वास ठेवण्याची ही प्रवृत्ती अशिक्षित प्रेक्षकाची आहे, असे समजू नये. त्वर्स्की व कानमन यांनी १९७१ साली दाखविले की, संशोधनाचे शिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञही लहान नमुना हा मूळ समूहाचे विश्वासू चित्र आहे असे मानून चालतात. मैदानाच्या कडेला उभा असलेला ग्रामस्थ आणि प्रयोगशाळेतील संशोधक या बाबतीत एकाच पंक्तीत बसतात.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. सर्व खेळांत पहिला सामना सारखाच मुका नसतो. ज्या खेळात एका सामन्यात गुण मिळवण्याच्या संधी पुष्कळ असतात, तेथे दैवाचे चढउतार परस्परांना काही अंशी खोडून काढतात आणि अधिक बळाचा संघ अधिक नियमाने जिंकतो. पुरुषांच्या कबड्डीत २० मिनिटांचे दोन डाव असतात आणि एका चढाईस ३० सेकंदांची मर्यादा असते. म्हणजे सामन्यात सुमारे ८० चढाया होतात. बास्केटबॉलमध्येही दोन्ही संघांना मिळून शंभराहून अधिक वेळा चेंडू ताब्यात मिळतो. उलट फुटबॉलमध्ये एका गोलावर सामना संपतो. त्यामुळे कबड्डीचा किंवा बास्केटबॉलचा एक सामना संघाविषयी बरेच सांगू शकतो. एका खेळाडूविषयी मात्र तो फारसे सांगू शकत नाही, कारण संघाच्या चाळीस चढायांपैकी त्याच्या वाट्याला थोड्याच आलेल्या असतात. प्रेक्षकांची चर्चा नेमकी उलट्या दिशेने जाते. संघाविषयी ते सबुरीने बोलतात आणि व्यक्तीविषयी निकाल देऊन मोकळे होतात.

३. दोन पराभव

आरंभीच्या पराभवाचा अर्थ लावणे किती कठीण असते, याचे उत्तम उदाहरण भारताच्या राष्ट्रीय संघानेच पुरविले आहे. २०१६ साली अहमदाबादेत विश्वचषक स्पर्धा झाली. ७ ऑक्टोबरच्या उद्घाटनाच्या सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. घरच्या मैदानावर, पहिल्याच दिवशी झालेला हा पराभव प्रेक्षकांना सुन्न करणारा होता. पुढे याच संघाने २२ ऑक्टोबरला इराणचा ३८-२९ असा पराभव करून विश्वचषक जिंकला. पहिल्या दिवसाचा निष्कर्ष फोल ठरला.

दोन वर्षांनी, २०१८ साली, जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत गटातील सामन्यात भारत पुन्हा दक्षिण कोरियाकडूनच २३-२४ असा हरला. १९९० पासून आशियाई स्पर्धांत अजिंक्य राहिलेल्या पुरुष संघाचा तेथील हा पहिला पराभव होता. २०१६ ची आठवण असलेल्या प्रेक्षकाने ‘असे पूर्वीही झाले आहे’ असे म्हटले असते, तर ते समंजसपणाचेच वाटले असते. परंतु या वेळी उपांत्य सामन्यात इराणने भारताला १८-२७ असे हरविले आणि संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

प्रतिस्पर्धी एकच, पराभव निसटता, काळ आरंभीचा. परिणाम मात्र भिन्न. पहिला पराभव ‘काहीच सांगत नाही’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच तो ‘सर्व काही सांगतो’ असे म्हणणेही चूक. तो थोडेसे सांगतो. ते थोडेसे किती, हे मोजण्याची सवय प्रेक्षकाला नसते. तसेच दोन्ही प्रसंगी भारतीय संघ गटसाखळीत खेळत होता, म्हणून पराभवानंतरही त्याला पुढे खेळता आले. या तपशिलाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

४. पाहणे आणि दिसणे

आतापर्यंत असे गृहीत धरले की, प्रेक्षक मैदानावर घडलेले जसेच्या तसे पाहतो आणि चुकतो तो केवळ अनुमानात. हे गृहीतही टिकत नाही. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेतील डार्टमथ व प्रिन्स्टन या महाविद्यालयांत फुटबॉलचा एक अतिशय दांडगाईचा सामना झाला. हॅस्टॉर्फ व कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याचा एकच चित्रपट दाखवला आणि नियमभंग मोजावयास सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाचे ९.८ दिसले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, दोन्ही पक्षांनी एकच सामना पाहून त्याविषयी निरनिराळी मते बनवली असे म्हणणे अपुरे आहे. त्यांच्यापुरते सामनेच दोन होते.

कबड्डीत या प्रवृत्तीला विशेष वाव मिळतो. या खेळाचा सर्व डोलारा स्पर्शावर उभा आहे, आणि स्पर्श ही दुरून न दिसणारी गोष्ट आहे. बोटाचे टोक, पायाचा अंगठा, किंबहुना वस्त्राची कडदेखील पुरते. बोनस रेषेपलीकडे पाय टेकला तेव्हा मागचा पाय हवेत होता की नव्हता, चढाईपटूचा दम मध्यरेषेच्या अलीकडे तुटला की पलीकडे, हे ठरविण्यासाठी एक सरपंच व दोन पंच मैदानालगत उभे असतात, तरी वाद होतो. दहा रांगांच्या मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकाला जे दिसते, त्यातील बराच भाग त्याच्या इच्छेने पुरवलेला असतो.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई स्पर्धांच्या अंतिम सामन्यात याचे जागतिक पातळीवर प्रत्यंतर आले. भारत व इराण यांचे गुण २८-२८ असे समसमान असताना भारताचा चढाईपटू स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही तेथे उतरले. अशा वेळी फक्त चढाईपटू बाद, की मागे गेलेले सर्वच बाद, याविषयी जुना नियम एक सांगत होता व लीगमधील नवा नियम दुसरे. सामना सुमारे तासभर थांबला. चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहूनही दोन्ही संघांची खात्री बदलली नाही. अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. पंचांजवळ चित्रफीत असताना जे घडले, ते गावच्या मैदानावर चित्रफितीवाचून दर रात्री घडत असते.

५. तादात्म्याची किंमत

चालदिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात सुपरिचित आहे. सात अमेरिकी विद्यापीठांत फुटबॉल संघ शनिवारी जिंकला असता सोमवारी अधिक विद्यार्थी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून वर्गात आले. विजयाचे वर्णन करताना ‘आम्ही’ हे सर्वनाम येई आणि पराभवाचे वर्णन करताना ‘ते’ येऊ लागे. मराठी प्रेक्षकाची भाषाही याला अपवाद नाही. ‘आपण जिंकलो’ आणि ‘पोरे हरली’ ही दोन वाक्ये एकाच तोंडून, एकाच आठवड्यात ऐकू येतात.

तथापि पराभूत संघापासून दूर सरकण्याची ही सोय सर्वांना उपलब्ध नसते. वॅन व ब्रॅन्सकोम यांनी १९९० साली दाखविले की, ज्यांचे संघाशी तादात्म्य खोल असते ते पराभवानंतरही संघ सोडत नाहीत. मोठ्या शहरातील विजयापुरता प्रेक्षक दुसरा संघ निवडू शकतो. बाळकुमसारख्या गावठाणातील प्रेक्षकाने दुसऱ्या गावाचा संघ आपला मानावा हे संभवत नाही. त्याचे नाते संघाच्या निवडीतून आलेले नसून जन्मातून आलेले असते. लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याचेही काही अंशी असेच असते, कारण त्याच्या प्रवेशाचे वर्ष व त्याचा संघ ही एकत्रच ठरतात.

ज्याला संघापासून दूर होता येत नाही, त्याने पराभवाचे दुःख कोठे ठेवावे? उघड मार्ग दोन असतात. एक, पराभवाचे कारण संघाबाहेर शोधणे: पंच, मैदान, प्रकाशयोजना, प्रतिपक्षाने बाहेरून आणलेला खेळाडू. दुसरा, पराभवाचे सर्व ओझे संघातील एका व्यक्तीवर टाकून उरलेला संघ निर्दोष राखणे. पहिल्या मार्गाने भांडणे होतात, पण ती विरतात. दुसरा मार्ग अधिक शांत दिसतो आणि अधिक हानी करतो. ज्या मुलावर ओझे पडते, त्याला ते उतरवण्यासाठी गाव सोडून जाता येत नाही. दूरच्या प्रसिद्ध खेळाडूवर लाखो लोकांनी केलेली टीका आणि आपल्या आळीतील दहा वडीलधाऱ्यांनी केलेली टीका, यांत दुसरी जड असते. मोठ्या खेळाडूला चाहत्यांच्या समूहाचा चेहरा नसतो. गावच्या खेळाडूला त्या समूहातील प्रत्येक चेहरा ठाऊक असतो.

६. रागावण्याचा खोटा गुण

आरंभीच्या पराभवानंतर वडीलधारी मंडळी खेळाडूंना फैलावर घेतात आणि पुढच्या सामन्यात खेळ सुधारलेला दिसतो. यावरून ‘रागावल्याशिवाय पोरे खेळत नाहीत’ असा सिद्धान्त रूढ झाला आहे. त्याचा उगम तपासण्याजोगा आहे.

मागे घेतलेल्या उदाहरणातील चढाईपटूच्या १० पैकी २ चढाया यशस्वी झाल्या असे धरू. त्याची खरी कुवत निम्मी असल्यामुळे पुढच्या सामन्यात त्याच्याकडून १० पैकी ५ ची अपेक्षा ठेवावी लागते. कोणी रागावो वा न रागावो, तो बहुधा सुधारेल. ज्याने पहिल्या दिवशी १० पैकी ८ यशस्वी केल्या आणि ज्याची मिरवणूक निघाली, तो याच नियमाने बहुधा घसरेल. पाहणाऱ्याला मात्र असे दिसते की, रागावल्यामुळे एक सुधारला आणि कौतुकामुळे दुसरा बिघडला. कानमन यांना इस्रायलच्या विमानचालन शिक्षकांत हाच समज आढळला होता: उत्तम उड्डाणाची प्रशंसा केली की पुढचे उड्डाण वाईट होते, वाईट उड्डाणाबद्दल खडसावले की पुढचे चांगले होते. दोन्हीकडे प्रशंसा व शिक्षा यांना मिळालेले श्रेय वस्तुतः मध्यमानाकडे परतण्याच्या साध्या नियमाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकाला आणि वडिलांना कठोरपणाचे बक्षीस व ममतेची शिक्षा देत राहणारा हा भ्रम, खेळाच्या मैदानावर हंगामारंभीच सर्वांत जोमाने पोसला जातो; कारण टोकाचे निकाल अल्प नमुन्यातच अधिक आढळतात.

‘आज त्याचा हात लागला आहे’ या समजुतीविषयी मात्र इतका निःसंशय निर्णय देता येत नाही. गिलोविच, व्हॅलोन व त्वर्स्की यांनी १९८५ साली बास्केटबॉलच्या नोंदी तपासून ही समजूत निराधार ठरवली होती. मिलर व सानहुर्हो यांनी २०१८ साली त्या गणनेतील एक सूक्ष्म दोष दाखवला, आणि प्रेक्षकाच्या समजुतीत काही तथ्य असावे असे मानण्यास पुन्हा जागा झाली. प्रेक्षकांच्या चुका मोजणाऱ्यांनीही आपली मापे तपासत राहावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

७. बाद पद्धती आणि न दुरुस्त होणारे मत

अमेरिकेतील लहान महाविद्यालयाचा प्रेक्षक आणि ठाणे जिल्ह्यातील प्रेक्षक हे उतावीळपणात सारखेच आहेत. भेद त्यांच्या स्वभावात नसून सामन्यांच्या रचनेत आहे. नोव्हेंबरात ‘या वर्षी काही खरे नाही’ असे म्हणणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकापुढे अजून वीस-बावीस सामने असतात. समजा, त्याच्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची संभाव्यता ६० टक्के आहे. असा संघ पहिला सामना हरण्याची संभाव्यता ४० टक्के, म्हणजे मुळीच नगण्य नाही. परंतु २५ सामन्यांपैकी निम्म्याहून अधिक जिंकण्याची त्याची संभाव्यता सुमारे ८५ टक्के येते. हंगाम लांब असल्यामुळे प्रेक्षकाचे चुकीचे मत त्याच्या नकळत दुरुस्त होते. उतावीळपणा त्याला परवडतो.

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन व स्थानिक स्पर्धा, वेळ व पैसा यांच्या टंचाईमुळे, बहुधा बाद पद्धतीने खेळल्या जातात. १६ संघांच्या स्पर्धेत १५ सामने होतात आणि ८ संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडतात. म्हणजे निम्म्या संघांच्या दृष्टीने त्या स्पर्धेचा आरंभ आणि अंत एकाच दिवशी होतो. अहमदाबादेतील स्पर्धा बाद पद्धतीची असती, तर २०१६ चा विश्वविजेता संघ पहिल्या रात्रीच घरी गेला असता व त्याच्याविषयीचे प्रेक्षकांचे मत कायमचे झाले असते. महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत नेमके हेच घडते. त्याच्या १० चढायांवर बनलेले मत खोडून काढणाऱ्या अकराव्या चढाईची संधी वर्षभर येत नाही. दरम्यान ते मत आळीत, महाविद्यालयाच्या आवारात आणि निवड करणाऱ्यांच्या कानांपर्यंत फिरत राहते.

याचे परिणाम भावनिक असतात तसेच व्यावहारिकही असतात. जिल्हा संघाच्या निवड चाचणीतून राज्य संघाचा मार्ग जातो. रेल्वे, पोलीस दल, बँका यांनी कबड्डीपटूंना दीर्घकाळ नोकऱ्या दिल्या आहेत आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गावठाणातील अनेक कुटुंबांत कबड्डी ही करमणूक असते तशीच उपजीविकेची एक आशाही असते. अशा स्थितीत ‘हा मोठ्या सामन्यात कचरतो’ असा शिक्का एका रात्रीच्या पुराव्यावर बसणे ही किरकोळ गोष्ट म्हणता येणार नाही.

८. उपाय व अभ्यासाची दिशा

प्रेक्षकाला मत बनवण्यापासून परावृत्त करणे शक्य नाही व इष्टही नाही. मत नसलेला प्रेक्षक मैदानावर येणारच नाही. मात्र त्या मताला योग्य वजन देण्याची काही साधने हाती आहेत. पहिले साधन नोंदीचे. गुणफलकावर संघाचे गुण दिसतात, व्यक्तीच्या चढाया दिसत नाहीत. प्रत्येक खेळाडूच्या चढाया, पकडी व त्यांचे फळ साध्या वहीत टिपले, तरी मागील वर्षाची आठवण आकड्यात उतरते. एका चढाईपटूने मागील वर्षी ३० पैकी १२ चढाया, म्हणजे ४० टक्के, यशस्वी केल्या आणि यंदाच्या पहिल्या सामन्यात १० पैकी ८ केल्या असे धरू. दोन्ही नोंदी एकत्र केल्यास ४० पैकी २०, म्हणजे ५० टक्के हा अंदाज येतो. सुट्टीतील सरावाने तो खरोखर सुधारला असावा म्हणून जुन्या नोंदीला निम्मेच वजन दिले, तर २५ पैकी १४, म्हणजे ५६ टक्के येतात. ८० टक्क्यांचा भास आणि ४० टक्क्यांची जुनी आठवण यांच्यामध्ये कोठे उभे राहावे, हे इतक्या सोप्या हिशेबाने कळू शकते.

दुसरे साधन रचनेचे. पहिल्या फेरीपुरती तरी चार-चार संघांची गटसाखळी ठेवल्यास प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. १६ संघांसाठी साखळीचे २४ सामने होतात आणि खर्च वाढतो, हे खरे. परंतु त्याबरोबर प्रत्येक खेळाडूविषयी उपलब्ध होणारा पुरावा तिपटीने वाढतो. निवड चाचणीचे हेतू लक्षात घेता हा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

समाजशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र या तिन्ही विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे एकत्र काम करण्यास वाव आहे. सामन्यापूर्वी, सामन्यानंतर लगेच आणि महिन्याभराने, असे तीनदा त्याच प्रेक्षकांचे मत विचारून ते प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहता येईल. गावातील जुने रहिवासी आणि नव्या वसाहतींतून येणारे प्रेक्षक यांच्या निर्णयांत भेद आहे काय, हा प्रश्न बाळकुम-कोलशेतच्या पट्ट्यात विशेष अर्थपूर्ण ठरेल; कारण तेथे नात्याने बांधलेला आणि केवळ शेजाराने आलेला असे दोन्ही प्रकारचे प्रेक्षक एकाच दोरीच्या कडेला उभे राहू शकतात. तादात्म्य जितके खोल तितका निर्णय उतावीळ, की उलट नात्यामुळेच प्रेक्षक त्या मुलाला दुसरी संधी देण्यास अधिक तयार असतो? गावठाणातील प्रेक्षक खेळाडूला लहानपणापासून पाहत आलेला असतो. त्याच्याजवळ दहा चढायांहून कितीतरी अधिक पुरावा असतो. पहिल्या पराभवाच्या रात्री तो पुरावा त्याला का आठवत नाही, आणि कोणत्या परिस्थितीत आठवतो, हे कळले तर या विषयाचा पुष्कळसा उलगडा होईल.